चित्राची पोच

पाटाला पाणी सुटले की नाही, हे आमच्या फलटण तालुक्यात दोन माणसांना विचारता येते. एक कालव्याच्या दारावरचा पाटकरी आणि दुसरा शेवटच्या पोटचारीवर रात्री खोरे घेऊन उभा असलेला शेतकरी. पाटकरी म्हणतो, "सोडले." शेतकरी म्हणतो, "आले नाही." दोघेही खरे बोलत असतात, आणि भांडण मात्र पिढ्यान् पिढ्या चालते. नीरा उजव्या कालव्याच्या काठी लहानाचा मोठा झालेल्या माणसाला ह्यातले मर्म कोणी शिकवावे लागत नाही. मला ते चाळिशी उलटल्यावर नव्याने शिकावे लागले, आणि तेही पाण्याच्या नव्हे, चित्रांच्या बाबतीत.

मी मॅट्रिक झालेला माणूस. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि ड्रॉइंग मास्तर झालो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तारा, उपग्रह आणि संगणक ह्यांवर लिहिण्याचा माझा अधिकार तो काय! पण २०२० च्या जूनमध्ये शाळा भरल्या त्या घराघरांतल्या फोनांवर, आणि घोंगडी, फळा, खडू सोडून मला टेबलावर फोन उलटा टांगून चित्रकला शिकवावी लागली. माझ्या पडद्यावर सारे लख्ख होते. माझा हात दिसे, पेन्सिल दिसे, मुलांची नावे ओळीने दिसत. आठवीतली एक मुलगी मात्र दर वेळी भलतेच काढून पाठवी. तांब्याची छायाप्रकाशाची बाजू शिकवली, तर तिने नुसती बाह्यरेषा काढली आणि आत एकदम काळे भरले. मी तिच्या कागदावर लाल अक्षरांत लिहिले, 'लक्ष नाही.' दुसऱ्यांदा असेच झाले तेव्हा तिच्या वडिलांना फोन केला आणि सांगितले की फोन जुना दिसतो, जमल्यास बदला.

ताथवड्याकडच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वाडी. कोरडवाहू जमीन, चार शेळ्या. पंधरा दिवसांनी नवा फोन आला. चित्र तेच! मग एके दिवशी ती मुलगी धीर करून म्हणाली, "सर, तुमचा हात दिसतो, आणि मग एकदम पुरे झालेले चित्र दिसते. मधले काही दिसत नाही."

चित्रकलेत मधलेच शिकवायचे असते, हो! पुरे झालेले चित्र तर पुस्तकातही असते. त्या वाक्याने मी असा खजील झालो की त्या रात्री झोप लागेना. निघाले ते पोचले की नाही, हे विचारायची बुद्धी मला झाली नव्हती. मग असे वाटू लागले की हा प्रश्न माझ्या एकट्याचा नसणार. ज्यांनी पहिल्याने दूरवर काही धाडले, त्यांनाही तो पडला असेल. त्या शोधात जे हाती लागले, ते येथे सांगतो.

आपल्या जुन्या दप्तरांतली पत्रे ज्यांनी वाचली असतील त्यांना ठाऊक आहे की मजकुराला हात घालण्यापूर्वी लिहिणारा एक गोष्ट न चुकता सांगतो : तुमचे पत्र पावले, मजकूर कळला. पावणे वेगळे आणि कळणे वेगळे, हा भेद आमच्या कारकुनांना पक्का ठाऊक होता. जासुदांची जोडी धाडण्याची चाल होती. एकाला वाटेत काही झाले तर दुसरा पुढे जावा. आणि उत्तर येईपर्यंत पाठविणारा आपले पत्र पोचले असे धरून चालत नसे. तारायंत्र आले तेव्हा माणसाचा हा सावधपणा यंत्राला शिकविण्याची पाळी आली.

१८७० च्या फेब्रुवारीत 'ग्रेट ईस्टर्न' हे अवाढव्य जहाज मुंबईहून एडनकडे समुद्राच्या तळाशी तारेचे दोर सोडीत निघाले. त्याच वर्षी मुंबई आणि लंडन समुद्री तारेने जोडली गेली. वाचकांनी एवढे ऐकलेले असते. ह्या कामातली खरी कसोटी मात्र दोर सोडण्यात नसून, सोडता सोडता तो शाबूत आहे की नाही हे क्षणोक्षणी पाहण्यात होती. दोराचे वेष्टण कोठे चिरले, तर वीज समुद्रात झिरपे. खोल पाण्यात गेलेला दोर पुन्हा वर काढणे म्हणजे दिवसच्या दिवस वाया. म्हणून जहाजावर एक आणि किनाऱ्यावर एक अशी दोन माणसे दोन टोके धरून बसत. एकाने पाहावे, दुसऱ्याने जबाब द्यावा. दोर घालणाऱ्या कंपनीचा मुख्य वीजतज्ज्ञ विलोबी स्मिथ ह्याने ही सततची तपासणी मार्गी लावली.

आता येथे इतिहासाची एक गंमत आहे. किनाऱ्याच्या टोकाला फार मोठा आणि स्थिर विद्युत्-रोध हवा होता. स्मिथने त्यासाठी सेलेनियम ह्या द्रव्याच्या कांड्या वापरून पाहिल्या. कांड्या काही स्थिर राहीनात. आज एक आकडा, उद्या दुसरा. त्याचा साहाय्यक जोसेफ मे ह्याच्या ध्यानात आले की कांड्यांवर उजेड पडला की रोध कमी होतो, झाकण लावले की वाढतो. फेब्रुवारी १८७३ मध्ये स्मिथने ही गोष्ट प्रसिद्ध केली. उजेडाचे विजेत रूपांतर करता येईल, म्हणजे चित्र तारेतून धाडता येईल, ही कल्पना जगाला त्यातून सुचली. दूरचित्राचे बीज असे तार तपासणाऱ्याच्या पेटीत रुजले! तपासनीस हा कामातला दुय्यम माणूस, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पुढची शंभर वर्षे मी ओलांडतो. आपल्या मुलखात चित्र आले ते १९७० नंतर. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ आर्वी येथे १९७१ साली उपग्रहाशी बोलणारे आपले पहिले व्यापारी भूकेंद्र सुरू झाले. त्याला पुढे विक्रम साराभाई ह्यांचे नाव दिले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यातून ते पुण्याला दिसू लागले.

ह्या विषयात सर्वांत मोठा प्रयोग झाला तो आमच्या शेजारी, पण आम्हांला वगळून. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष अमेरिकेचा एक उपग्रह भारताने वापरला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट आकाशातून चित्रे उतरविली. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. कर्नाटकातला विजापूर जिल्हा होता. सांगलीच्या जत तालुक्यातून पूर्वेला गेले की विजापूरची हद्द लागते. दहा फुटी, तारेच्या जाळीची छत्री, खाली एक संच, आणि समोर सारा गाव.

उपग्रहाचे कौतुक पुष्कळांनी केले. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. चित्र आकाशातून बिनचूक येत होते, हे भूकेंद्रावर बसून कळत होते. खेड्यात ते दिसले की नाही, हे तेथून कसे कळणार? वीज गेली असेल, संच बिघडला असेल, संच असलेल्या खोलीची किल्ली कोणी घेऊन गेला असेल. म्हणून संच दुरुस्त करणारी माणसे आधीपासून नेमून ठेवली होती, आणि त्याहून विशेष म्हणजे मानववंशशास्त्राचे अभ्यासक काही खेड्यांत जाऊन महिनोन् महिने राहिले होते. लोक काय पाहतात, काय समजतात, केव्हा उठून जातात, हे त्यांनी तेथे बसून टिपले. पावले आणि कळले, ह्या दोन्हींची पोच घेण्याचा तो प्रयत्न होता. शेवटच्या पोटचारीवर जाऊन उभे राहिलेले ते सरकार मला आजही आदरणीय वाटते.

ह्यानंतर चित्र प्रवास करू लागले ते वेगळ्याच वाहनातून. जुन्या पद्धतीत एक सलग वाट चित्राकरिता राखून ठेवलेली असे. संगणकांच्या जाळ्यात तसे नाही. तेथे चित्राचे बारीक तुकडे करून एकेका पाकिटात घालतात, पाकिटांवर क्रमांक टाकतात आणि गर्दीच्या रस्त्याला सोडून देतात. त्याच रस्त्याने दुसऱ्याची पत्रे, तिसऱ्याचे हिशेब आणि चौथ्याची गाणी जात असतात. पत्राचे पाकीट हरवले तर पुन्हा मागविता येते. चालू चित्राचे पाकीट उशिरा आले तर ते हरवल्यासारखेच. वरात निघून गेल्यावर आलेला वाजंत्री घेऊन करायचे काय?

हे रस्ते तपासण्याची हत्यारेही अडचणीतूनच जन्मली. १९८३ च्या डिसेंबरात माइक म्यूस ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने जाळे का अडते हे पाहण्याकरिता एक लहानशी युक्ती एका रात्रीत लिहिली. पलीकडच्या यंत्राला हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागला तो मोजायचा. पाणबुडीच्या शोधयंत्रातल्या आवाजावरून त्याने तिला 'पिंग' म्हटले. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात तर नवल घडले. जेमतेम चारशे यार्डांवर असलेल्या दोन संस्थांमधील वहन सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आले! तार तुटली नव्हती, यंत्र बिघडले नव्हते. पाकिटे अडली की पाठविणारी यंत्रे तीच पाकिटे पुन्हा पुन्हा रस्त्यावर ढकलीत, आणि गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसनने ह्याचे कारण हुडकले आणि यंत्रांना दमाने घ्यायला शिकविले. १९८८ मध्ये त्याने ते लिहून प्रसिद्ध केले. वाटेतल्या एकेका ठाण्याकडून जबाब मिळवून कोणत्या टप्प्यावर उशीर होतो ते दाखविणारी 'ट्रेसरूट' ही युक्तीही त्याचीच.

परंतु ह्या साऱ्या युक्त्या रस्त्याची चौकशी करीत. चित्र पाहणाऱ्याची चौकशी नियमाने करायची, हे १९९६ साली ठरले. आवाज आणि चित्र वाहून नेण्याचे जे नियम त्या वर्षी प्रसिद्ध झाले, त्यांत एक कलम असे आहे की घेणाऱ्याने थोड्याथोड्या वेळाने पाठविणाऱ्याला अहवाल धाडावा. किती पाकिटे गहाळ झाली? कोणत्या क्रमांकापर्यंत आली? आणि ती सारख्या अंतराने आली की कधी दोन एकदम आणि कधी एकही नाही, अशी आली? ह्या तिसऱ्या दोषाला इंग्रजीत 'जिटर' म्हणतात. तबलजीने लय सोडावी तसा हा प्रकार. शिवाय अहवालांचीच गर्दी होऊ नये म्हणून त्यांनी रस्त्याचा वीसावा हिस्सा, म्हणजे शेकडा पाच, एवढीच जागा व्यापावी असेही सांगून ठेवले आहे. ते कलम मला कळले तेव्हा आमच्या दप्तरांतला तो 'पत्र पावले, मजकूर कळला' डोळ्यांपुढे आला. घेणाऱ्यांचे अहवाल एकत्र ठेवले की दोष कोठे आहे ह्याचा अंदाज लागतो. सगळ्यांकडून एकाच क्षणी ओरड आली, तर दोष पाठविणाऱ्यापाशी. एकाकडूनच आली, तर त्याच्या वाटेवर. हे म्हणजे पुन्हा पाटाचेच गणित. साऱ्या चाऱ्या कोरड्या तर दार पाहा; एकच कोरडी तर त्या चारीने चाला.

आमच्या शेजारी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक लाइनमन राहतात. मी त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी उभी हयात जमिनीखालच्या केबलीतले दोष शोधण्यात घालविली. मी ही सारी पुराणे त्यांना सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, पुस्तकं राहू द्या. पोरांकडनं लिहून घ्या. कधी तुटलं, किती वेळ तुटलं, आणि तेव्हा बाकीच्यांचं काय झालं."

तसे केले. यंत्रे आपापसात अहवाल देतच असणार, पण ते मला दिसत नव्हते. एकतीस मुलांना वहीत चार रकाने आखायला लावले : वेळ, चित्र थांबले, आवाज तुटला, काय दिसले नाही. आठ दिवसांनी सगळ्या पानांची छायाचित्रे मागवून घेतली, छापली, आणि ओसरीवर पसरून अण्णा व मी बसलो. तास-दोन तासांत दोन गोष्टी वर आल्या.

पहिली माझीच लाज काढणारी. मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, एकतीसच्या एकतीस वह्यांत चित्र थांबल्याची नोंद होती. अण्णा हसले. "दारावरच पाणी चोरलंय कोणीतरी." चोर मीच होतो. आपले धडे जपून ठेवावेत ह्या हौसेने दुसऱ्या फोनवर मी त्यांचे चित्रण करीत असे, आणि पहिला तास संपला की तो फोन ते सारे चित्रण त्याच तारेतून दूरच्या साठवणीत पाठवू लागे. घरच्या जोडणीत वर पाठविण्याची वाट खाली येण्याच्या वाटेहून अरुंद होती. ती भरून जाई. मुलांना चित्र दिसेना, कारण मास्तर आपले चित्र जपून ठेवीत होते! दुसऱ्या फोनाची ती सवय बंद केली, आणि त्या वेळेच्या नोंदी साऱ्या वह्यांतून नाहीशा झाल्या.

दुसरी गोष्ट त्या वाडीची. वाडीतल्या तिन्ही मुलांच्या वह्या सारख्या होत्या. अकरा ते एक सारखी तूट, इतर मुलांना त्या वेळी काही नाही. ह्याला अण्णांनी पायरीपायरीने हात घातला. मुलीने वडिलांच्या नव्या फोनवरून 'पिंग' करावयाचे, सकाळी सातला, अकराला आणि रात्री नऊला. आधी घरात, मग अंगणातल्या लिंबाखाली, मग देवळाच्या पारावर. सातला जबाब येई तो साठ-सत्तर सहस्रांश सेकंदांत, एकसारखा. अकराला तोच कधी ऐंशी, कधी नऊशे, कधी येतच नसे. लिंबाखाली आणि पारावरही तेच. वाटेतले जे पहिले यंत्र जबाब देते, तेथपर्यंतच हा गोंधळ. फलटण गावातून त्याच वेळी पाहावे तर काही नाही. म्हणजे दोष घरात नव्हता, फोनात नव्हता, लांबच्या तारांतही नव्हता. डोंगराच्या आडचा एक मनोरा, आणि त्या दोन तासांत पंचक्रोशीतली सगळी शाळकरी मुले त्याच्याच भरवशावर.

रेंजच्या काड्या मात्र चारच्या चार दिसत होत्या. मनोऱ्याचा आवाज किती ठणठणीत येतो एवढेच त्या सांगतात. त्याच्यापुढे रांग किती लांब आहे ते सांगत नाहीत. ही गोष्ट मला आधी कळती तर!

त्या साली मोठ्या लोकांनाही रांगेची धास्ती पडली होती. २४ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी लागू होण्याच्या आदल्या दिवशी, चित्रपट आणि मालिका दाखविणाऱ्या कंपन्यांनी मोबाइलवर चित्राचा बारीकपणा उतरवून ४८० रेघांवर ठेवण्याचे मान्य केले होते. चित्र थोडे जाडेभरडे झाले तरी चालेल, अडता कामा नये, असा हिशेब. आमच्या हाती एवढेही नव्हते; मनोरा आमचा नव्हता आणि तक्रारीला मिळालेले उत्तर ठरावीक साच्यातले होते.

मुलीच्या त्या वाक्याचा उलगडाही अण्णांच्या ओसरीवरच झाला. चलचित्रातले प्रत्येक चित्र पुरे पाठवीत नाहीत. एक पुरे पाठवितात आणि नंतर मागच्यापेक्षा जे बदलले तेवढेच, लहान लहान चौकोनांत. बदलाची पाकिटे गहाळ झाली की पडदा आधीच्याच चित्रावर अडून राहतो. पुढचे पुरे चित्र आले की एकदम सावरतो. म्हणून तिला हात दिसे, मग पुरा झालेला तांब्या दिसे. ती अक्षरशः जे घडत होते तेच सांगत होती. मी तिला लक्ष नसलेली ठरविली होती.

उपाय साधाच निघाला. साठवून ठेवलेले पाणी पाळी चुकली तरी पिकाला मिळते. शेततळे त्याचसाठी खणतात. आधी मुद्रित केलेला धडा रात्री नऊनंतर फोनात भरून ठेवता येई आणि सकाळी न अडखळता पाहता येई. पण शंका विचारायची, हात दुरुस्त करायचा, तर समोरासमोर हवे, तेथे साठवण चालत नाही. म्हणून वाडीच्या तिघांचा वेगळा तास सकाळी सातला घेऊ लागलो. कागदावरून हात सावकाश फिरवू लागलो. कमी बदल, कमी पाकिटे. मागची फुलाफुलांची चादर काढून पांढरा कागद लावला. हे मला कोणी सांगितले नव्हते, पण फरक पडला.

दिवाळीला गावबंदी सैल झाली तेव्हा मी त्या वाडीवर गेलो. मुलीने वही दाखविली. रकाने तिने बंद केलेच नव्हते. मी मागणे सोडून दिल्यावरही ती रोज भरीत होती. पानेच्या पाने, तारीखवार. शेवटच्या रकान्यात, काय दिसले नाही त्याच्या खाली, आठवडाभर नुसत्या आडव्या रेघा होत्या. मी लाल पेनने लिहिलेला तो तांब्याचा कागदही वहीत होता. तो मागून घेतला आणि माझ्यापाशी ठेवला आहे.

निघताना गोठ्याकडे नजर गेली. दावणीला दोन शेळ्या होत्या. मी मोजल्या हे वडिलांनी पाहिले. "फोन काय, लागतोच आता," ते म्हणाले. मी पैशांचा विषय काढला, तो त्यांनी चहाचा कप पुढे करून बंद केला. पुढल्या वर्षी पुन्हा काढला, तेव्हाही तसेच. तो हिशेब अजून राहिलाच आहे.